दान नव्हे, हक्क!

अपंगांस मदत म्हणजे दानधर्म, ही समजूत आमच्या समाजांत अद्याप रूढ आहे. कायद्याचें म्हणणें निराळें आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. संजय गांधी निराधार योजनेखालीं अपंगांचें मासिक अनुदान २०२५ सालीं २,५०० रुपये झालें. ग्रामपंचायतींनींहि स्वउत्पन्नाचे ५ टक्के त्यांच्यासाठीं खर्चावयाचे असतात. मुखेड तालुक्यांतील किती ग्रामसभांत हा हिशेब मोठ्यानें वाचला जातो, असा आमचा सवाल आहे. जो हक्क ठाऊकच नाहीं, तो मागणार कोण? म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीनें हा जमाखर्च चावडीवर लावावा. आणि दाखल्याविना कांहींच पदरीं पडत नसल्यानें अपंगत्वाच्या दाखल्यांचीं शिबिरें तालुक्याच्या गांवींच भरवावीं. भिक्षा नाकारतां येते. हक्क नाकारणारास मात्र जाब द्यावा लागतो.