नाझियाच्या सरळ सुरासाठी

'डिस्को दीवाने' हा नाझिया हसनचा १९८१ सालचा पहिला अल्बम मी आजही माझ्या क्लासमधल्या मुलांना ऐकवते. सुगम संगीताच्या क्लासमध्ये डिस्को कशाला, असं काही पालक विचारतात. त्यांना माझं सविस्तर उत्तर हे.

नाझिया जन्मली कराचीत, वाढली कराचीत आणि लंडनमध्ये. 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई'साठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. त्या चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे एक गाणं बिद्दूचं. बिद्दू मूळचा बंगळूरचा. लंडनला जाऊन त्याने 'कुंग फू फायटिंग'सारखं जगभर वाजलेलं गाणं घडवलं होतं. नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांना घेऊन त्यानेच मग हा अल्बम केला.

त्यात चित्रपट नव्हता, ही माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. आपल्याकडे गाणं म्हटलं की पडद्यावरचा प्रसंग आला आणि नायिकेच्या चेहऱ्याला शोभेल असा आवाज आला. लताबाई, आशाबाई दर वेळी वेगळ्या बाईसाठी गायल्या आणि त्यातच त्यांची थोरवी आहे. नाझिया मात्र कुणासाठीच गात नव्हती. तिच्या वयाची एक मुलगी तिच्याच आवाजात बोलावं तशी गाते आहे, हे आमच्या पिढीने पहिल्यांदा ऐकलं.

'लेकिन मेरा दिल' शांतपणे ऐका. आवाज किंचित नाकातला, पल्ला फार मोठा नाही. ओळीच्या शेवटी ती सूर धरते आणि सोडून देते. मुरकी नाही, मुद्दाम घातलेला श्वास नाही, गळा दाखवण्याची घाई नाही. शब्द मात्र स्वच्छ. 'डिस्को दीवाने' हेडफोन लावून ऐकलं तर तिच्याच आवाजावर तिचाच आवाज चढवलेला कळतो. आवाज बारीक आहे हे ओळखून बिद्दूने त्याला असा भरीवपणा दिला, पण सजवलं नाही. त्याचं हे भान मला फार मोलाचं वाटतं. 'आओ ना' तर मी मुलांकडून गाऊनच घेते. हरकतींची सवय लागलेली मुलं तिथे अडतात, कारण साधा सूर साधा ठेवायला दम लागतो.

ठेका आणि सिंथेसायझर जुने झाले आहेत, हे खरं. ते त्या काळाचे होते, त्या काळातच राहिले. आवाज मात्र त्या काळात राहिला नाही. २०१२मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर'साठी 'डिस्को दीवाने' हे गाणं नव्याने केलं तेव्हा सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्या जोडीला नाझियाचा मूळ आवाज ठेवावाच लागला. त्या गजरातही तो आला की कान तिकडे वळतो. या अल्बमनंतर नाझियाने कायद्याचं शिक्षण घेतलं, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं आणि २०००च्या ऑगस्टमध्ये, पस्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेली. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं त्यानंतर जन्मलेली. तरी ती विचारतात, ही कोण?

असा सरळ सूर मुलांच्याही कानाला लागतो, म्हणून माझा राग आहे तो दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धांवर. दहा वर्षांचं मूल अवघड तान घेतं, परीक्षक उठून उभे राहतात, आणि सरळ गाणारं मूल पहिल्या फेरीतच घरी जातं. नाझिया अशा स्पर्धेत उभी राहिली असती तर तिलाही हेच ऐकायला मिळालं असतं, 'बेटा, अजून तयारी हवी.' एक फेरी अशी ठेवा, जिथे हरकत घेतली की गुण कापले जातील. पालकांनी तोवर हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत मुलांबरोबर बसून ऐकावा. रीमिक्स नको, मूळच.