करार थांबला; पाणी कधी अडणार?

सकाळी स्नानाचे पाणी अंगावर घेताना आपल्या आजी-आजोबांच्या ओठी सात नद्यांची नावे येत असत. गंगा-यमुनेच्या बरोबरीने त्यांत सिंधूही होती. लडाखमधून ती आजही वाहते. पण तिच्या पाण्यावरचा आपला हात आपणच १९६० साली आखडता घेतला.

फाळणीची रेषा आखणाऱ्यांनी जमीन वाटली, पाणी वाटले नाही. माधोपूर आणि फिरोजपूरची कालव्यांची मुखे भारतात राहिली आणि त्या कालव्यांवर पिकणारी शेते पाकिस्तानात गेली. तात्पुरत्या व्यवस्थेची मुदत संपताच १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाणी रोखले. महिनाभरातच, ४ मे रोजी, दिल्लीत समझोता होऊन ते पुन्हा सोडण्यात आले. पाण्याची सत्ता काय असते, हे पाकिस्तानला तेव्हा कळले. आपल्याला ते कळले होते काय, हा प्रश्नच आहे.

पुढे जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे पं. नेहरू आणि अयुबखान यांनी सिंधू जलकरारावर स्वाक्षऱ्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे, अशी ही वाटणी. सुमारे ८० टक्के पाणी पलीकडे गेले. शिवाय पाकिस्तानच्या नव्या कालव्यांसाठी ६ कोटी २० लाख ६० हजार पौंडही आपणच मोजले. त्याच वर्षी लोकसभेत या करारावर टीका करणाऱ्यांत तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी होते, तसे खुद्द काँग्रेसचे सदस्यही होते.

या औदार्याची परतफेड कशी झाली, हे सांगायला नको. १९६५, १९७१ आणि १९९९ ही तीन युद्धे झाली, संसदेवर आणि मुंबईवर हल्ले झाले. पण करार अबाधित राहिला. अखेर २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांचे रक्त सांडले आणि दुसऱ्याच दिवशी भारताने करार स्थगित केला. हा निर्णय सर्वथा योग्य होता. सौहार्द हा कराराचा पाया असतो. तो पायाच एका पक्षाने उखडला, तर दुसऱ्याने एकट्याने छत पेलून धरावे, असे कोणते नीतिशास्त्र सांगते?

तथापि आनंदाच्या भरात एक गोष्ट विसरू नये. कागदावर करार थांबला, म्हणून नदी थांबत नाही. पाणी अडवायला धरण लागते. पश्चिमेकडील नद्यांवर ३६ लाख एकर-फूट साठवणीची मुभा आपल्याला कराराने दिलेलीच होती. सहा दशकांत त्यांतील किती साठवण उभी राहिली? नाव घेण्याजोगी काहीच नाही. वुलर सरोवराजवळील तुलबुल प्रकल्पाचे काम पाकिस्तानच्या आक्षेपानंतर १९८७ साली थांबले. रावीचे पाणी तर पूर्णतः आपल्या हक्काचे. तरी ते रोखणारे शाहपूर कंडी धरण पूर्ण व्हायला २०२४ साल उजाडले.

सलालची कथा तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. चिनाबवरील या वीजप्रकल्पाची रचना पाकिस्तानच्या आग्रहाखातर बदलली गेली आणि गाळ वाहून नेणारे तळाचे दरवाजे कायमचे बंद करण्यात आले. परिणामी जलाशय गाळाने भरत गेला. हा समझोता १९७८ चा, आणि त्यावर भारताच्या वतीने स्वाक्षरी होती परराष्ट्रमंत्री अटलजींची. १९६० साली ज्यांनी इशारा दिला, त्यांनाही सद्भावनेचा मोह आवरला नाही. दोष एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते; परंतु उदारतेची ही सवय सर्वांचीच होती.

आणखी एक विचार. झेलम-चिनाबवर आपण वरच्या अंगाला आहोत. ब्रह्मपुत्रेवर मात्र चीन वरच्या अंगाला आहे. त्याच्याशी पाणीवाटपाचा कोणताही करार नाही. डोकलामच्या वर्षी, २०१७ मध्ये, पुराची आकडेवारी त्याने आपल्याला दिली नव्हती. जुलै २०२५ मध्ये तर अरुणाचलच्या सीमेजवळ त्याने प्रचंड धरणाचे काम आरंभले. ब्रह्मपुत्रेचे बरेचसे पाणी आपल्याच भूमीवरील पावसाचे आहे, हे खरे. पण पूर सांगून येत नाही. तेथेही आपली साठवण, आपले मोजमाप आणि तेथील वनवासी बांधवांचा विश्वास, या तिन्हींची तयारी हवी.

सिंधच्या शेतकऱ्याशी आपले वैर नाही. त्याची तक्रार तर त्याच्याच देशातील पंजाबशी आहे. २०२५ मध्ये नव्या कालव्यांविरुद्ध तो रस्त्यावर उतरला आणि इस्लामाबादला माघार घ्यावी लागली. आपले भांडण दहशतवाद पोसणाऱ्या सत्तेशी आहे. तिला घोषणांची भीती वाटत नाही. तिला भीती वाटेल ती बांधून पूर्ण झालेल्या भिंतीची. स्थगितीने आपल्याला वेळ मिळवून दिला आहे. १९४८ प्रमाणे तो वाया घालवायचा की त्यातून धरणे, बोगदे आणि कालवे उभे करायचे, हे आपल्या हाती आहे.