नानकटाईचा डबा आणि मंदिराच्या पायऱ्या



मागच्या रविवारी दर्शन करून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात एका काकूंनी थांबवलं. "काय वं, तू म्हणे हापिसातल्या लोकायसाठी बिस्किटं भाजून नेऊन रायली? त्यातले अर्धे त मटन खाणारे हायेत." शेजारच्या काकूंनी पुढचं वाक्य पूर्ण केलं, "टेन्शन असलं त सामायिक करावं बाई. भट्टी कायले लावता?"

तिथे मी हसून चपला घातल्या आणि घरी आले. मोठ्यांना पायऱ्यांवर उलट उत्तर देणं जमत नाही. पण गेले आठ दिवस ते बोलणं डोक्यात आहे, म्हणून आज उत्तर लिहूनच देते.

आधी भट्टीचं. काकू, तुमच्याच पिढीने दिवाळीच्या आधी रवा-मैदा, तूप, साखरेचे डबे रिक्षात घालून बेकरीच्या भट्टीवर नेले. तिथे नंबर लावला आणि ट्रे भरभरून नानकटाई, बिस्किटं घरी आणली. त्याच भट्टीत आदल्या रात्री काय भाजलं होतं, ट्रेला कशाचा हात लागला होता, हे कोणी विचारलं का? आणि रोडगे? आपल्या वऱ्हाडात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे खात आपण वाढलो. त्या गोवऱ्यांत किती जीव असतील ते मी काढत नाही. मुद्दा एवढाच की भाजणं आपल्याला परकं नाही. परकं वाटतंय ते ओव्हनचं बटण, आणि कदाचित ते नोकरी करणाऱ्या सुनेच्या हातात आहे म्हणून.

आता हिंसेचं. नातवाच्या वाढदिवसाला दुकानातून केक येतो. खोक्यावर हिरवा ठिपका असतो, 'एगलेस' लिहिलेलं असतं, आणि आपण निश्चिंत होतो. पण तो ठिपका सरकारी व्याख्येतला शाकाहार सांगतो, आपला नाही. त्या व्याख्येत मध चालतो, मधमाश्यांचं मेण चालतं, किड्यापासून मिळणारी लाखसुद्धा चालते. लोण्याला तर अडवायचं कारणच नाही. म्हणजे आपण लहानपणापासून अभक्ष्य म्हणून शिकलो त्यातल्या कितीतरी गोष्टी हिरव्या ठिपक्याखाली घरात येतात, आणि मेणबत्ती विझवून आपण टाळ्या वाजवतो. हा केक खाणाऱ्यांनी माझ्या नानकटाईची चौकशी करावी, याचं मला खरंच नवल वाटतं.

कारण माझ्या डब्यात काय असतं ते मी सांगू शकते. घरच्या चक्कीवर दळलेली कणीक दोन वाट्या, बेसन अर्धी वाटी, घरचं कढवलेलं तूप आणि पिठीसाखर प्रत्येकी एक वाटी, थोडी वेलची. बाजारचा मैदा कधी दळला ते कोणाला ठाऊक? म्हणून मैदा नाही. पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. पाण्याचा अंश नसलेल्या पदार्थाला पिठाइतकीच मर्यादा, हे मगजाच्या लाडवांपासून आपल्याला माहीत आहे. बेसन दह्याशी द्विदल होतं म्हणून दह्याचा केक आणि बेसन मी एकत्र आणत नाही, तुपाशी अडचण नाही. व्हॅनिलाच्या इसेन्समध्ये बहुधा अल्कोहोल असतं, म्हणून वेलची. यीस्ट नाही. रविवारी माझा मिठाचा त्याग असतो, त्यामुळे चिमूटभर मीठही पडत नाही. आणि रात्री ओव्हन कधीच नाही. दिव्यावर पाखरं येतात, ती पिठात पडतात. रविवारी दर्शनानंतर, लख्ख उजेडात काम उरकते. यत्नाचार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

मी हे शिकले फेब्रुवारी 2021 मध्ये. बाकी बरंचसं राज्य सुरू होतं आणि आपल्या अमरावती-अचलपूरला लॉकडाऊन लागला होता. ओव्हन नव्हता. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून, त्यात ताटली ठेवली. पहिला घाणा खालून काळा, वरून कच्चा. पण त्या अर्ध्या तासात घरात कोणाचा ताप वाढला, कोणाचा रिपोर्ट आला, यातलं काही मनात आलं नाही, कारण नाक कुकरपाशी होतं. वास बदलला की काढायचं. एक मिनिट चुकलं की गेलं.

सामायिक कर म्हणणाऱ्या काकूंना एवढंच विचारते: मार्चअखेरीला मन न जुळलेल्या आकड्यांत अडकलेलं असताना मी डोळे मिटून आसनावर बसते, तेव्हा तिथे काय चालतं? आर्तध्यान. आसन सामायिकाचं आणि आत सगळी कचेरी. असे कितीतरी दिवस मी घड्याळ पाहून अठ्ठेचाळीस मिनिटं भरली आहेत. नानकटाई हा सामायिकाला पर्याय आहे असं मी म्हणत नाही. पण पीठ मळून, गोळे वळून, हात धुऊन बसते तेव्हा मन जागेवर असतं. ही माझी गोष्ट आहे; तुमचं सूत जपमाळेवर लगेच जुळत असेल तर तुम्ही पुण्यवान.

राहिले ते 'मटन खाणारे'. बडनेऱ्याहून अकोल्याला रोज अपडाऊन करते, सुमारे ऐंशी किलोमीटर. थंडीत सूर्यास्त पावणेसहाच्या सुमाराला, म्हणून संध्याकाळचं जेवण गाडीतच उरकते, मूर्तिजापूरच्या अलीकडे. दुपारी कचेरीत सगळे एका टेबलावर डबे उघडतात. माझ्या डब्यात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि त्यांच्यातलं मला काही चालत नाही. कोणी प्रेमाने वाटी पुढे केली की माझं उत्तर ठरलेलं: नको. कित्येक वर्षं त्या टेबलावर मी फक्त 'नको' म्हणणारी बाई होते. घेता येत नाही हे खरं, पण मग द्यायलाही काही नाही? सोमवारी डबा न्यायला लागल्यापासून मी टेबलाच्या टोकाची खुर्ची सोडली. आता एक सहकारी, घरी मासळी शिजवणारी, आषाढात मला विचारते, "ताई, चातुर्मास लागला ना? मग डबा बुधवारपर्यंत संपवायचा." मर्यादा तिला कोणी शिकवली? प्रवचनाने नाही, काकू.

आदिपुराणात दत्तीचे चार प्रकार सांगितले आहेत. पात्रदत्ती मुनींसारख्या सत्पात्रांसाठी, आणि सहकाऱ्यांना नानकटाई देऊन मी पात्रदानाचं पुण्य मिळवते असा माझा दावा नाही. समदत्तीही आपल्यासारख्याच व्रती गृहस्थासाठी. पण दयादत्तीत समोरच्याचं ताट तपासायला कुठे सांगितलंय? दुपारी चार वाजता उपाशीपोटी वह्या तपासणाऱ्या माणसाला दोन नानकटाया देताना मी त्याच्या घरची चूल विचारायची का?

एक तक्रार मात्र माझीही आहे, आणि ती कचेरीवर. साहेब मागच्या मार्चमध्ये म्हणाले, "ताईंचं बरं आहे, ताण आला की बेकिंग करतात." सगळे हसले. ताण आला कशाने, तर दोन जणांचं टेबल एकटीकडे दिल्याने. त्यावर इलाज नानकटाई नाही, दुसरा माणूस. तो सोमवार आणि पुढचे दोन, मी डबा नेला नाही. एकाने विचारलं, "आज काही नाही?" मी म्हटलं, "नाही. ते माझं काम नाही." डबा मनाने नेते तोवरच तो माझा आहे.

या रविवारी ज्वारीच्या पिठाची करून बघणार आहे. ती फुटते म्हणतात, तूप जरा वाढवावं लागेल. कोणी केली असेल तर प्रमाण कळवा. काकूंनी पायऱ्यांवर विचारलं तर दोन त्यांच्या हातावर ठेवीन. डबा मात्र सोमवारी अकोल्यालाच जाणार.