एका रात्रीचा दर, वर्षभराचा कर

थर्टी-फर्स्टचा धंदा चांगला झाला म्हणून खुशीत असलेल्या हॉटेलमालकांनी आधी नाइट ऑडिटचे रिपोर्ट काढून बसावे. आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक महाबळेश्वरचे आहे. बावीस खोल्या, एरवीचा दर ३,८०० च्या आसपास. ३१ डिसेंबरला एक फॅमिली सूट ७,८०० ला गेला. मालक खूश, सीएने मात्र कपाळाला हात लावला.

१ एप्रिल २०२५ पासून जीएसटीतली ‘स्पेसिफाइड प्रिमायसेस’ ठरते ती छापील टॅरिफवर नव्हे, प्रत्यक्ष बिलावर. एखाद्या आर्थिक वर्षात एक खोली जरी एका दिवसासाठी ७,५०० च्या वर विकली गेली, तर पुढचे अख्खे वर्ष तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. म्हणजे येत्या जुलैच्या पावसात, वरच्या खोल्यांना कुलपे असताना, गावातले कुटुंब खाली पाचशेचे जेवून गेले तर कर २५ ऐवजी ९० रुपये. रस्त्यापलीकडच्या खानावळीत तेच २५. गिऱ्हाईक कुठे जाईल?

१८ टक्क्यांबरोबर इनपुट क्रेडिट मिळते की, असे अधिकारी ऐकवतात. मिळते खरे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि क्रेडिट शून्य. त्यामुळे एकाच गॅसवरचे पोहे सीपी प्लॅनमध्ये खोलीच्या भाड्यात गेले तर पाच टक्के, टेबलावर थेट विकले तर अठरा! मग लिफ्टचे एएमसी, सिक्युरिटी, हाउसकीपिंग एजन्सीचे बिल यांची नियम ४२ खाली वाटणी करत बसा. पन्नास खोल्यांच्या आतल्या मालकाने हा हिशेब ठेवायला कारकून नेमायचा, की वेटर?

पर्यटन मंत्रालयाची समिती एक ताऱ्यापासून पंचतारांकित डिलक्सपर्यंत वर्गवारी करते तेव्हा खोलीचे माप, स्वयंपाकघर, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण सगळे तपासते आणि मग पाच वर्षांसाठी दर्जा देते. बजेट हॉटेल, हेरिटेज वाडा, किनाऱ्यावरचे रिसॉर्ट, शिर्डीचे लॉज हे वेगवेगळे धंदे आहेत, त्यांचे हंगाम वेगळे, गिऱ्हाईक वेगळे, हे तिथे तरी कळते. करखात्याला यातले काही दिसत नाही. त्याला दिसतो ७,५०० हा आकडा, आणि तो २०१७ पासून जागचा हललेला नाही. या काळात लाँड्रीचे, गॅसचे आणि पगाराचे काय झाले ते आम्ही सांगायला नको.

मागणी साधी आहे. रेस्टॉरंटचा दर ठरवायचा तर वर्षभराच्या रूम नाइट्सच्या सरासरीवर ठरवा. ते जमत नसेल तर निदान विकलेल्या खोल्यांपैकी अमुक टक्के खोल्या मर्यादेपलीकडे गेल्या तरच अठरा लावा. हंगामातल्या एका रात्रीवरून सबंध जागेची जात ठरवणे हा कारभार नव्हे.

आता आपल्या मंडळींविषयी. मेळाव्यात या विषयावर टाळ्या पडतात, पण निवेदनासाठी आकडे मागितले की फोन उचलले जात नाहीत. काहींनी तर ‘बिल दोन भागांत फाडा’ असा सल्ला वाटायला सुरुवात केली आहे. तो ऐकू नका. ऑनलाइन बुकिंगचा आकडा पोर्टलकडेही असतो, आणि नोटीस पोर्टलला नाही, तुम्हाला येते.

ज्यांना रेस्टॉरंटसाठी १८ टक्के आणि क्रेडिटच सोयीचे पडते, त्यांची स्वेच्छा घोषणा ३१ मार्चपर्यंत गेली पाहिजे, आणि प्रत्येक जागेची वेगळी. बाकीच्यांनी चॅनल मॅनेजरमध्ये आजच कमाल दराची मर्यादा टाकावी. होळीचा आणि गुढीपाडव्याचा वीकेंड अजून याच आर्थिक वर्षात आहे.

१ एप्रिलपासूनच्या आपल्या सर्वांत महाग दहा रूम नाइट्स आणि वर्षाचा सरासरी दर, एवढे दोनच आकडे एका कागदावर लिहून या महिनाअखेरपर्यंत संपादकांच्या नावे पाठवा. हॉटेलचे नाव छापले जाणार नाही.