बांधाच्या माथ्यावरील खूण

पेठ तालुक्यांत हद्दीचा दगड हातभर सरकला तर मोजणीचा अर्ज त्याच आठवड्यांत पडतो. परंतु ज्या मातीच्या बांधाखालीं तें शेत आहे तो बांध किती खचला, हें मोजण्याविषयीं कोणी अर्ज केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस भूकंप झाला, तेव्हां १०३ मीटर उंचीच्या त्या धरणास, जेथें त्याचा उतार बदलतो तेथें, आडव्या भेगा पडल्या. सुदैवानें धरणांत भूकंपमापक यंत्र होतें. त्या नोंदीच्या आधारें विद्वानांनीं संगणकावर धरणाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकडा किती हालला याचें गणित केलें, आणि अधिक ताण निघाला तो भेगांच्याच जागीं. ती नोंद नसती तर संगणक काय करणार? खातेदाराच्या नांवावांचून सातबारा लिहिण्यापैकींच तें!

आमच्या बांधांस एवढा खटाटोप नको. माथ्यावर चार पक्के खांब रोवावे, बाजूच्या खडकावर एक अचल खूण करावी, आणि पावसाळ्यापूर्वीं व नंतर दुर्बिणीनें उंची ताडून वहींत मांडावी. नवा बांध थोडा बसतोच; जुना एकाएकीं बसूं लागला, किंवा पाझर गढूळ झाला, तर मात्र त्याच दिवशीं तहसिलींत जावें. चिपळूणकडील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती. तक्रारीवर शेरा मारून ती बाजूस ठेवणें सोपें असतें. वर्षावर्षाच्या आंकड्यांचें तसें करतां येत नाहीं.

महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था नाशिकासच आहे. आपल्या मंडळानें या उन्हाळ्यांत तेथें विचारणा करावी.