भिंतीवरचे ऊन आधी पाहा

नवी मुंबईत महापे येथे एका डेटा सेंटरच्या भिंती सौर पॅनेलने मढवल्या आहेत. वाशिममध्ये त्याची सरसकट नक्कल नको. 20 अंश उत्तर अक्षांशावरील या जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा भरपूर वीज देते ते छत, दक्षिणेची भिंत नव्हे. पश्चिमेची भिंत मात्र दुपारनंतर तापते आणि रात्रीही वॉर्डात उष्णता सोडत राहते. त्याचा त्रास बाळंतिणींना, वृद्धांना होतो. तिथे हवेची फट सोडून लावलेली पॅनेल वीजही देतील, सावलीही. कोणत्या भिंतीवर कधी, किती ऊन येते, हे संगणक बांधकामाआधीच दाखवतो. नव्या रुग्णालयाला मंजुरी देताना रंगीत चित्राबरोबर हा ऊन-सावलीचा हिशेबही मागायलाच हवा.