चौकशीच्या खोलीत वकील हवाच



ठाण्यातून निरोप येतो, "साहेबांनी बोलावलंय, दोन मिनिटांचं काम आहे." शेतकरी औत सोडतो आणि एकटाच निघतो. फार तर गावातला एखादा पुढारी सोबत घेतो. वकील मात्र घेत नाही. म्हणे, वकील नेला तर आपणच गुन्हा कबूल केल्यासारखे होईल! साखर कारखान्याचा चेअरमन वकिलाशिवाय चौकशीला जात नाही. त्याला कोणी चोर म्हणत नाही, धोरणी म्हणतात. शेतकऱ्याचेच शहाणपण तेवढे गुन्हा ठरते.

पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. माल आपला आणि ठरवणारे ते दोघे. म्हणून आपण उघड लिलाव मागितला. बंद दाराआडची चौकशी म्हणजे तसाच रुमाल आहे. आत काय विचारले, काय लिहिले, हे बाहेर कोणालाच कळत नाही.

आंदोलन करणाऱ्याला तर हे कळलेच पाहिजे. नोव्हेंबर १९८० मध्ये कांदा-उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात हजारो शेतकरी अटकेत गेले. जून २०१७ च्या शेतकरी संपात येवल्याकडे गुन्हे दाखल झाले. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेले तणनाशकरोधक कपाशीचे बियाणे जाहीरपणे लावले, तिथेही गुन्हे दाखल झाले. हजारांच्या सोबत गाडीत बसताना कोणी भीत नाही. भीती वाटते ती पुढे, एकेकट्याला बोलावतात तेव्हा.

कायदा काय सांगतो? स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे घटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे. आवडीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अटक झालेल्याचा हक्क कलम २२ मध्ये आहे. नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपीची इच्छा असेल तर चौकशीच्या वेळी वकील येऊ द्यावा. पण १९९६ च्या डी. के. बसू निकालात त्याला शेपूट लागले. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येईल, पण पूर्ण वेळ नाही! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्येही ते शेपूट तसेच आहे.

सारी मेख या 'पूर्ण वेळ नाही' मध्ये आहे. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे खरे. पण कोठडीत "बियाणे अमक्या गोठ्यात ठेवले आहे" असे म्हणालात आणि तिथे माल सापडला, तर तेवढे बोलणे पुरावा होते. कोणते वाक्य अंगाशी येईल हे शेतकऱ्याला कसे कळणार? ते वकिलाला कळते. तो नेमका त्या क्षणी खोलीबाहेर असेल तर उपयोग काय?

पोलिस म्हणतील, वकील बसला तर तपास होणार नाही. तपास पंचनाम्याने होतो, कागदाने होतो, साक्षीदाराने होतो. वकिलाच्या डोळ्यांदेखत जे विचारता येत नाही, ते विचारूच नये.

"वकिलाला पैसे कुठून आणू?" कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाल्याचा हा प्रश्न रास्त आहे. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या माणसाला, तसेच स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. ही भीक नाही, हक्क आहे.

बोलावणे आले तर लेखी नोटीस मागा. साठ वर्षांवरच्या माणसाला किंवा बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यावे. स्वतःला गुन्ह्यात गुंतवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती नाही. तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही, असे कायदाच सांगतो. न वाचता कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नका. अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे.

जिल्हा बैठकीत दोन ठराव व्हावेत. एक, कलम ३८ मधले 'पूर्ण वेळ नाही' हे शब्द काढा. दोन, फुकट वकील कोर्टाच्या दारात नव्हे, ठाण्याच्या दारात द्या. आणि तोवर प्रत्येक तालुक्याने एका वकिलाचे नाव आणि फोन गावोगावच्या फळ्यावर लिहावा.

उघड लिलाव मागून मिळाला. उघड चौकशीही मागूनच मिळेल.